या घरात पळायचं नाही

जपानात उतरल्या उतरल्या शिल्पा भांडली ती काकूच्या चटणीसाठी. विमानतळावरच्या हातमोजे घातलेल्या माणसाने तिची बॅग उघडली, शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी नाकाशी नेली आणि त्याला अशी काही शिंक आली की पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्याला मराठी येत नव्हतं, हिला जपानी येत नव्हतं आणि दोघांचंही इंग्रजी बेताचंच. 'माय आंटी, माय आंटी' एवढंच ती इतक्या काकुळतीने म्हणत राहिली की शेवटी त्याने पिशवी जागच्या जागी ठेवली आणि वर कमरेत वाकून नमस्कारही केला.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सहा महिन्यांच्या प्लेसमेंटवर जपानला निघालेली शिल्पा ही पहिलीच मुलगी. कोबे शहराबाहेर एक प्रयोगशाळा होती. तिथे भल्यामोठ्या लोखंडी फलाटावर खरीखुरी घरं बांधायचे आणि भूकंपात हलतात तशी हलवून बघायचे. या निवडीवरून तिच्या, म्हणजे बिरादारांच्या घरात महिनाभर रामायण झालं होतं. तिचे वडील रेवणप्पा म्हणाले होते, भूकंपानं एक लेकरू नेलं, आता दुसरं मी भूकंपाच्या मुलखात धाडू का. गुरम्माकाकूचं तर अन्नावरचं मन उडालं होतं. एकटे पंचाक्षरीकाका पुतणीच्या बाजूने छातीठोकपणे उभे राहिले. लातुरात त्यांचे फिजिक्सचे क्लासेस, बॅचमागून बॅच, गल्लीत सायकली लावायला जागा मिळत नसे. एवढ्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर करणाऱ्या माणसाचा शब्द घरात शेवटचा ठरला. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे शिल्पाच्या आईने, ना हो म्हटलं ना नाही म्हटलं. त्यांनी गावाहून येऊन लेकीची बॅग भरून दिली आणि दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने त्या परत गेल्या.

राहायची सोय हामादाबाईंकडे होती. टेकडीच्या उतारावरचं दोन मजली लाकडी घर, सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. नवरा गेल्यापासून वरची खोली ती विद्यार्थ्यांना देत असे. शिल्पा दारात पोचली तेव्हा लांबच्या प्रवासाने तिचे पाय सुजून बुटात मावत नव्हते. हामादाबाईंनी आधी तिचे पाय बघितले, मग तोंड. त्यांनी गरम पाण्याची बादली आणून ठेवली.

पहिले काही दिवस झोप आणि भूक यांचा मेळ बसला नाही. दिवस मावळायच्या आतच डोळे मिटायचे आणि उजाडायच्या आधी टक्क उघडायचे. खाण्याची पंचाईत आणखी वेगळी. बिरादारांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळी शिवलेली नाही आणि इथे तर नुसत्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या आमटीतही मासळीच. हामादाबाईंना हे उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी वेगळं पातेलं काढलं आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधला. मग शिल्पाने बॅगेतलं ज्वारीचं पीठ काढून भाकरी थापली. हामादाबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. पहिली भाकरी तव्यावर फुगली तशा त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि पुढचा गोळा त्यांनी आपल्या हातात घेतला. त्यांची भाकरी फाटली, ती दोघींनी चटणीशी खाल्ली, आणि दोघींच्याही डोळ्यांना पाणी आलं. अर्थात चटणीने.

प्रयोगशाळेत बिमला नावाची एक नेपाळी मुलगी होती. तिला जपानी यायचं आणि हिंदीही, त्यामुळे शिल्पाला बोलायला माणूस मिळालं. लातूरला फोन गेला की सगळं छान चाललंय. शिल्पालाही ते खरंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी ती जिन्याच्या पायथ्याशी बूट घालत होती. हामादाबाई स्वयंपाकघरात मुळा चिरत होत्या. आधी कपाटातल्या बश्या एकमेकींवर किणकिणल्या. मग पायाखालची फळी सरकल्यासारखी झाली.

शिल्पा सात वर्षांची होती तेव्हा औशाजवळचं त्यांचं गाव पहाटेच्या झोपेत खाली बसलं. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते, माणसं दमून निजली होती. घरं काळ्या दगडांची, मातीत रचलेली, भिंती हात-हात रुंद आणि वर मातीचं जड धाबं. लक्ष्मीबाई शिल्पाला उचलून अंगणात आल्या आणि मागे घर उरलं नाही. थोरला महेश आतल्या खोलीत आजोबांजवळ निजला होता. रेवणप्पा शेतात राखणीला होते म्हणून वाचले. पंचाक्षरीकाका उजाडताच लातूरहून आले आणि नंतर शाळेसाठी म्हणून शिल्पाला आपल्या घरी घेऊन गेले. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. आई जन्माची आणि काकू वाढवणारी, असे शिल्पाचे दोन घरांत दोन जीव. त्या पहाटेबद्दल मात्र दोन्ही घरांत कुणी बोलत नसे.

बश्या वाजल्या आणि शिल्पाला पुढचं काही कळलं नाही. भानावर आली तेव्हा ती बाहेर गल्लीत उभी होती, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, आणि हामादाबाईंचं मनगट तिच्या मुठीत गच्च. हामादाबाई दगडी पायरीवर पडल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या हातात अजून सुरी होती. धक्का कधीच थांबला होता. समोरच्या घरातला माणूस शांतपणे झाडांना पाणी घालत होता, त्याने मान वळवून बघितलं आणि मग पाइप टाकून तो धावत आला.

हाड मोडलं नव्हतं, पण घोटा असा सुजला की डॉक्टरांनी पट्टा बांधून पाय टेकू नका म्हणून सांगितलं. दुपारी ओसाकाहून त्यांचा मुलगा केंजी आला. तो चढ्या आवाजात एक शब्द बोलला नाही. शिल्पाला वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने आईच्या पायाखाली उशी ठेवली, चहा केला, शिल्पालाही दिला आणि मग बिमलाला फोन लावून तिच्याकरवी सांगितलं. तुझी चूक नाही. तू लांबून आली आहेस, घाबरणं साहजिक आहे. पण आई म्हातारी आहे, एकटी आहे. सुरी पोटात गेली असती. तेव्हा पुढच्या आठवड्यात तुझी सोय वसतिगृहात करायला मी सांगतो.

शिल्पा मान हलवत राहिली. त्याचं काहीच खोटं नव्हतं. वर खोलीत जाऊन ती बॅगेजवळ बसली तेव्हा तिच्या मनात वसतिगृह नव्हतं, लातूर होतं. पाच बश्या वाजल्या तर जिचं भान जातं ती त्या लोखंडी फलाटाशेजारी सहा महिने कशी उभी राहणार?

रविवारी ठरल्याप्रमाणे तिने हामादाबाईंच्या स्वयंपाकघरातला फोन घेतला. लातुरात काकांच्या बैठकीत सगळी मंडळी जमली होती. आई-वडील सकाळच्या गाडीने मुद्दाम आले होते. काकांनी फोनचा स्पीकर लावला होता, त्यामुळे पंख्याची घरघर आणि काकूच्या बांगड्यासुद्धा तिला ऐकू येत होत्या. काही लपवायचं नाही असं ठरवूनच तिने सगळं सांगितलं. घोटा, सुरी, केंजी, वसतिगृह.

पहिले बोलले ते काका.

"शिल्पा, सामान आवर. तिकिटाचं मी बघतो. राहिली प्लेसमेंट तर राहू दे, त्यावाचून काही अडत नाही."

शिल्पा ऐकतच राहिली. जाऊ दे तिला, जग बघू दे, म्हणून भावाशी महिनाभर भांडलेले ते हेच काका. त्यांच्याकडून तिने रागावण्याची अपेक्षा केली होती, या आवाजाची नव्हती.

"अरे, धाडलंस तूच की," रेवणप्पांचा आवाज आला.

"चुकलं माझं."

"तवा मी नको म्हणलो, तुम्ही ऐकलं न्हाई. आता मी म्हणतो, राहू दे तिला. त्या माउलीचा पाय हिच्यामुळं गेला हाय. तिनं हिला पाय धुवायला पाणी दिलंय. ती चालाया लागायच्या आत हिनं यावं, हे काय मला पटत न्हाई."

"दादा, तिथे रोज जमीन हलते."

"मग हलू दे. तिथले लोक काय जेवत न्हाईत का?"

काकू कुणाची बाजू घेणार हे शिल्पाला ठाऊक होतं. निघायच्या दिवशी रेल्वेच्या डब्याची दांडी धरून काकू गाडीबरोबर चालत राहिली होती. पण आता ती म्हणाली, भावजींचं बरोबर हाय. लेकरू आज भिऊन परत आलं तर जन्मभर भिऊनच राहील. काका तिच्यावर खेकसले, तुझं काय चाललंय, कालपर्यंत रात्रंदिवस रडत होतीस ना. काकू म्हणाली, रडतेच हाय की. रडणं आणि बोलावणं एक हाय का?

मग काकांचा तोल गेला.

"तुम्हाला सगळ्यांना बोलायला सोपं आहे," ते म्हणाले. "दगड मी उचलले होते. महेशला मी काढलं. तुम्ही कुणी बघितलं नाही ते. मला परत..."

दरवर्षी शेकडो पोरांना काका तरंग शिकवायचे. भूकंपाचा आधी कोणता तरंग येतो, मग कोणता, फळ्यावर झोकदार आकृती काढून. पण महेशचं नाव त्यांच्या तोंडून शिल्पाने चौदा वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. तिकडे कुणीतरी उठल्याचा आवाज झाला, बहुधा वडील. "बस, पंचाक्षरी. बस बाबा," असं ते हळूच म्हणाले, लहान भावाला म्हणावं तसं.

"फोन माझ्याजवळ द्या," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ते सगळ्यांना ऐकू जातंय ते बंद करा."

पंख्याची घरघर थांबली आणि आईचा श्वास एकदम कानाशी आला.

"शिल्पे, तू तवा कुठं होतीस? दाराजवळ?"

"हो. बूट घालत होते."

"आणि ती?"

"आत, स्वयंपाकघरात."

"म्हणजे दार सोडून तू आत गेलीस."

शिल्पाने हा विचार केलाच नव्हता. ती जिना, दार, स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणून बघू लागली. दार हाताच्या अंतरावर होतं. ती आत गेली होती खरी.

"हो आई."



"मला तेवढं सुचलं न्हाई बघ," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तू कडेवर होतीस, दार पुढं होतं. मी दाराकडं गेले. तो आत होता."

"आई, तू वळली असतीस तर आपण तिघंही..."

"ते मलाबी कळतंय. लोकांनी लई समजावलंय. मी ते रडाया न्हाई सांगितलं तुला. तू आत गेलीस, एवढंच मला ऐकायचं होतं." मग नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "त्या बाईला आणि तिच्या लेकाला सांग आपल्याकडं काय झालतं ते. पळाली म्हणून नको सांगू. का पळाली ते सांग. मग ते म्हणतील तिथं राहा."

केंजी संध्याकाळच्या गाडीने परतणार होता. शिल्पाने बिमलाला बोलावून घेतलं आणि चौघं बैठ्या टेबलाभोवती बसली. हामादाबाईंचा पाय उशीवर होता. शिल्पा हिंदीत सांगत गेली, बिमला जपानीत. काळे दगड, धाबं, गणपती, आजोबा, महेश. मधे एकदा बिमलाला शब्द सापडेना, तेव्हा शिल्पाने टेबलावर दोन्ही तळवे उभे करून भिंती दाखवल्या आणि त्या आडव्या केल्या. हामादाबाईंनी मान हलवली. त्यांना बिमलाच्या शब्दाची गरज पडली नाही.

त्यांचा नवरा कोबेच्या भूकंपात गेला होता. तो भूकंपही पहाटेचाच. हे शिल्पाला आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हामादाबाई थांबत थांबत बोलत होत्या आणि बिमला हळू आवाजात हिंदी करत होती. जुनं घर पडलं तेव्हा मी तुळईखाली होते, जिवंत होते. बाहेर माणसांचे पाय धावताना ऐकू येत होते. मी हाका मारत होते. कुणी थांबेना. माझा कुणावर राग नाही, प्रत्येकाचं कुणीतरी आत होतं. शेवटी एका मुलाने हात आत घातला, त्याचं नावही मला माहीत नाही. ते सांगून त्या केंजीकडे वळल्या.

"या मुलीने मी हाक मारायच्या आधीच हात धरला," त्या म्हणाल्या. "तू ओसाकाला असतोस. ही वर राहील."

केंजी बराच वेळ आईच्या पट्टा बांधलेल्या पायाकडे बघत राहिला, मग शिल्पाकडे वळून चांगला खोल वाकला. शिल्पाला काय करावं कळेना, तीही वाकली.

"पण," हामादाबाई बोट वर करून म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा झाला. तुमचं घर दगडाचं होतं, त्या घरातून पळणं बरोबर होतं. तुझी आई बरोबर होती, हे तिला माझ्याकडून सांग. हे घर लाकडाचं आहे. केंजीने ते नव्याने बांधून घेतलंय, ते हलेल पण बसणार नाही. इथे बाहेर पळालीस तर छपराची कौलं डोक्यात पडतील. या घरात पळायचं नाही. हे घर तुला शिकावं लागेल.

आणि त्यांनी ते शिकवलं. आधी गॅस बंद. मग दार उघडून ठेवायचं, म्हणजे चौकट वाकून अडकत नाही. मग स्वयंपाकघरातल्या उंच टेबलाखाली, डोकं आत, हात टेबलाच्या पायाला. त्या आठवड्यात रोज नाश्त्याआधी त्यांनी टाळी वाजवायची आणि शिल्पाने ते करून दाखवायचं. पहिल्या दिवशी ती दाराकडेच धावली. हामादाबाईंनी नुसती मान हलवून पुन्हा टाळी वाजवली. पुढच्या रविवारी केंजी लोखंडी पट्ट्या घेऊन आला आणि बश्यांचं कपाट त्याने भिंतीला ठोकून घट्ट केलं. बरीच वर्षं राहून गेलेलं काम होतं. शिल्पाने पट्ट्या धरल्या, त्याने खिळे मारले. निघताना त्याने चटणीचं विचारलं, आईने फोनवर फार वर्णन केलं होतं म्हणे.

प्रयोगशाळेतही तिने सरांना सांगून टाकलं, पहिल्या चाचणीला मला लांब उभं राहू द्या. सर म्हणाले, लांब उभी राहा, पण बघ. फलाटावर दोन मजली घर हलू लागलं तेव्हा शिल्पा बिमलाचा हात धरून उभी होती. घर डुललं, कुरकुरलं आणि उभं राहिलं. तिला रडू आलं.

तो महिना सरता सरता हामादाबाई काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या. रविवारी त्या भाताचं पातेलं चढवत होत्या आणि शिल्पा फोनवर होती. लातुरात पुन्हा सगळी मंडळी जमलेली, स्पीकर लावलेला. हामादाबाईंचा निरोप शिल्पाने आधीच्याच फोनवर सांगितला होता. त्यावर आई तेव्हा काहीच बोलली नव्हती. पण परवा काकूने सांगितलं की लक्ष्मीबाईंनी गावी परत जायच्या आधी काकांकडून महेशचा शाळेतला फोटो मोठा करून घेतला, आणि तो आता बैठकीत लावलाय, गावीही एक नेलाय. आजच्या फोनवर वडील तुरीच्या पेरणीचं बोलत होते. काका मधे मधे प्रयोगशाळेचं विचारत होते.

"थांबा जरा," शिल्पा म्हणाली.

दिव्याची दोरी हलत होती. तिने हात लांबवून गॅस बंद केला. हामादाबाई काठीने दार सरकवत होत्या. शिल्पाने फोनची तार ओढत घेतली, एका हाताने त्यांना आधार दिला आणि दोघी टेबलाखाली गेल्या. मग सगळं घर एकदम कडकडलं. भांडी वाजली, काठी जमिनीवरून घरंगळत गेली, कुठेतरी काच फुटली. शिल्पाने टेबलाचा पाय धरला होता आणि हामादाबाईंनी शिल्पाचा दंड. रिसीव्हर तिच्या मांडीवर होता आणि त्यातून एक शब्द येत नव्हता. लातुरात सगळे हे ऐकत होते.

ते थांबलं. दिव्याची दोरी अजून झुलत होती. शिल्पाने रिसीव्हर कानाला लावला.

"गेला का?" आईने विचारलं.

"गेला."

"ती कुठाय?"

"माझ्याजवळ. टेबलाखाली आहोत दोघी."

"बरं," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या श्वासाचा आवाज कितीतरी वेळ आला.

मग काका. त्यांचा आवाज कापत होता, तरी ते सरच होते. "आधी हलका जाणवला ना? त्याच्यानंतर मोठा?"

"हो काका. आधी दिव्याची दोरी हलली. गॅस बंद करण्यापुरता वेळ मिळाला."

"मिळतो," काका म्हणाले. "तेवढा वेळ मिळतो."

तेवढ्यात काकूने फोन ओढून घेतला असावा, कारण बांगड्या अगदी कानात वाजल्या. गुरम्माकाकू बिदरकडची. मराठी घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी जीव भरून आला की तिच्या तोंडात कानडीच यायची.

"ऊटा आयता?" तिने विचारलं. जेवण झालं का?

"न्हाई काकू, आत्ता बसतच होतो."

हामादाबाईंनी भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतात? शिल्पाने पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली. हामादाबाई हसल्या, तिच्या खांद्याचा आधार घेऊन टेबलाखालून बाहेर आल्या आणि अर्धकच्च्या भाताचं झाकण उघडून बघू लागल्या.